वय वाढतं म्हणजे नेमकं काय होतं? विकासाचं मानसशास्त्र, आपल्या गावातून पाहताना

माणसाच्या वाढीबद्दल दोन म्हणी आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी आहेत. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही एक. साठी बुद्धी नाठी, ही दुसरी. पहिली सांगते की माणूस पुढे काय होणार ते जन्मल्याबरोबर कळतं. दुसरी सांगते की साठ वर्षं झाली की अक्कल उतरणीला लागते. दोन्हींचा पुरावा आपण कधी मागत नाही, पण निर्णय मात्र त्यांच्या भरवशावर घेतो. 'याच्या डोक्यात काही शिरत नाही' म्हणून चौथीतलं पोट्टं ढोरांमागे जातं. 'बुढ्याले काय समजते' म्हणून सत्तरीतल्या माणसाला न विचारता त्याचं वावर मक्त्याने दिलं जातं.

या समजुती तपासून पाहणारा एक विषय विद्यापीठात शिकवला जातो. त्याचं नाव विकासात्मक मानसशास्त्र. मी तो यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत आईवडील हमखास विचारतात, "मॅडम, हे शिकून पोरगी पागलाची डॉक्टर होनार काय?" प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर पुढे देते. आधी विषय काय आहे ते पाहू.

बरेच जण याला बालमानसशास्त्र समजतात. एके काळी ते बऱ्याच अंशी खरंही होतं. मूल वाढतं, विशीत पूर्ण होतं, म्हातारपणी घसरतं, आणि मधल्या चाळीस वर्षांत विशेष काही घडत नाही, असं धरून चाललं जाई. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस (१९३९–२००६) यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही समजूत मोडून काढली. त्यांचं म्हणणं असं की विकास गर्भापासून मरणापर्यंत चालू असतो. प्रत्येक वयात काही मिळतं आणि काही जातं. सगळ्या क्षमता एकदम वर जात नाहीत आणि एकदम खालीही येत नाहीत. शिवाय माणूस कोणत्या काळात, कोणत्या गावात, कोणत्या घरात जन्मला यावर त्याच्या वाढीची वाट ठरते. शिक्षण आयुष्यभराचं असतं हा विचार विदर्भाला नवा नाही. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथून हाताच्या कामातून शिकवणारी गांधीजींची नई तालीम उभी राहिली. पुढे सेवाग्राममध्ये तिचा विस्तार लहान मुलांपासून प्रौढांपर्यंत झाला.

आधी पाहायला शिका

अभ्यासक्रमात सिद्धान्त आधी येतात. माझ्या मते सुरुवात निरीक्षणाने व्हायला हवी. विद्यार्थ्याने सेविकाताईंची आणि पालकांची परवानगी घेऊन अंगणवाडीत जायचं, एका मुलाजवळ अर्धा तास बसायचं आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं. पहिल्या दिवशी वहीत असं येतं: 'मुलगा हट्टी आहे. त्याला राग आला.' हा निकाल झाला, निरीक्षण नाही. डोळ्यांनी काय दिसलं? 'खिचडीची ताटली पुढे आली. त्याने ती बोटाने सरकवली. दाराकडे पाहिलं. ताईंनी नाव घेतलं तेव्हा पाठ फिरवली. दारात आजी दिसली तशी ताटली ओढून घेतली.' आता सांगा, मूल हट्टी आहे की आजीची वाट पाहत होतं? दिसलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवणं ही या विषयाची पहिली शिस्त आहे, आणि ती यायला अख्खं सत्र जातं.

पुस्तकातला पहिला टप्पा गर्भावस्थेचा असतो. विद्यार्थी तो पाठ करून मोकळे होतात, कारण सगळी चित्रं पेशींची असतात. खरं तर इथे महाराष्ट्रातलंच काम शिकवण्यासारखं आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांच्या नोंदी ठेवल्या, त्याही गरोदरपणाच्या आधीपासून. ज्या आयांच्या खाण्यात दूध, फळं, हिरव्या पालेभाज्या होत्या, त्यांची बाळं जन्मतः अंगाने मोठी होती. ज्या आया गरोदरपणात अंगमेहनतीची जड कामं करत होत्या, त्यांची बाळं लहान होती. आठव्या महिन्यात डोक्यावर सरपणाचा भारा घेणारी बाई आपण रोज पाहतो. पुस्तकातला गर्भावस्थेचा टप्पा तिच्याबद्दल आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. काम ३९ गावांत झालं आणि तुलनेसाठी तसंच काम नसलेली ४७ गावं ठेवली. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. बाळंतिणीच्या घरी आशाताई आज ज्या फेऱ्या मारतात, त्यांच्यामागे हे काम आहे. विद्यार्थ्यांना मी विचारते, ती ४७ गावं कशाला हवीत? ती नसती तर मृत्यू कमी झाले ते या कामामुळे की पाऊसपाणी चांगलं झालं, दवाखाना सुधारला म्हणून, हे कळलंच नसतं. नियंत्रण गट म्हणजे हाच.

बाळ काय काय जाणतं

तान्ह्या बाळाला विचारता येत नाही. मग त्याच्या मनात काय चाललंय हे कळायचं कसं? या प्रश्नावर शास्त्रज्ञांनी काढलेल्या युक्त्या मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

आपण 'त' आणि 'ट' सहज वेगळे ऐकतो. इंग्रजी मातृभाषा असलेल्या मोठ्या माणसाला हा फरक सहसा कळत नाही. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली बाळं आईच्या मांडीवर बसवली. भोंग्यातून हिंदीतला 'त, त, त' असा आवाज सतत येत राही. मधेच तो 'ट, ट, ट' व्हायचा, आणि त्या क्षणी बाळाने मान वळवली तर बाजूचं खेळणं उजळून हलायचं. सहा-आठ महिन्यांच्या बाळांनी बदल बरोबर हेरला. त्यांनी हिंदी कधी ऐकलेली नव्हती. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना तो जमला. १९८४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बाळ वाढताना फक्त मिळवतं असं आपण समजतो. इथे ते गमावताना दिसतं, आणि ते गमावणं त्याच्या कामाचं असतं, कारण घरात न बोलल्या जाणाऱ्या फरकांकडे कान देणं सोडलं की घरची भाषा पटापट पकडता येते. कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या घरातलं मूल पहिलीत येऊन गप्प बसतं, तेव्हा त्याला भाषा येत नाही असं म्हणू नये. त्याला त्याची भाषा उत्तम येते, शाळेला ती येत नाही.

दुसरी गोष्ट चालण्याची. "शेजारचं पोट्टं तुरुतुरु पळते, आमच्याचे अजून पाय नाही फुटले," ही चिंता प्रत्येक ओसरीवर ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांची पाहणी केली. आधाराशिवाय चालायला लागण्याचा पल्ला ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत निघाला. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारं आणि सोळाव्यात चालणारं, दोन्ही बाळं ठीकच. पल्ल्याच्या बाहेर गेलं तर मात्र थांबू नये, दाखवून घ्यावं. सरासरी आणि पल्ला यांतला फरक ज्याला समजला, त्याला या विषयाचा निम्मा गाभा हाती आला.

पेला, पाणी आणि पियाजे

परीक्षेत हमखास येणारं नाव म्हणजे स्वित्झर्लंडचे झाँ पियाजे (१८९६–१९८०). मुलाची बुद्धी मोठ्या माणसापेक्षा नुसती कमी नसते, ती वेगळ्या रीतीने चालते, हे त्यांचं म्हणणं. त्यांनी चार टप्पे मांडले. दोन वर्षांपर्यंत मूल हाताळून, चोखून, आपटून जग शिकतं. दोन ते सात या वयात त्याला शब्द आणि चित्रं वापरता येतात, पण समोर दिसतं त्यावर ते फसतं. सात ते अकरामध्ये डोळ्यांपुढच्या वस्तूंबाबत तर्क जमतो. त्यापुढे 'समजा असं झालं तर' असा विचार करता येतो.

दुसऱ्या टप्प्याचा प्रयोग घरीच करून पाहा. सारखे दोन पेले घ्या, सारखं पाणी भरा. पाच वर्षांच्या मुलाला विचारा, दोन्हींत सारखं आहे का? हो म्हणेल. आता त्याच्यासमोरच एका पेल्यातलं पाणी उभट, अरुंद बाटलीत ओता आणि पुन्हा विचारा. बहुतेक वेळा ते बाटलीकडे बोट दाखवेल: इथे जास्त. सात-आठ वर्षांचं भावंड शेजारी असेल तर ते हसेल आणि म्हणेल, "अरे, तेच तर पाणी होय." पाणी तेवढंच राहतं, ही समज मधल्या दोन-तीन वर्षांत येते.

इथवर सगळी पुस्तकं सांगतात. पण त्यापुढचं जास्त महत्त्वाचं आहे. १९७४ साली मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी विचारलं की मूल फसतं ते पाण्यामुळे की प्रश्नामुळे? मोठ्या माणसाने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की मुलाला वाटतं, आपलं पहिलं उत्तर चुकलं असावं. आपल्या शाळांमध्ये गुरुजींनी "नक्की का?" म्हटलं की पोर उत्तर बदलतं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या दोघांनी सोंगट्यांच्या दोन ओळींवर असाच प्रयोग केला, पण ओळ विस्कटायचं काम एका खोडकर टेडी बाहुल्याकडून 'चुकून' करून घेतलं. प्रयोग करणाऱ्याने ओळ हलवली तेव्हा १६ टक्के उत्तरं बरोबर होती, बाहुल्याने हलवली तेव्हा ६३ टक्के. मुलांची समज होती तीच. विचारणारा कोण, कसा आणि कुठे विचारतो याने उत्तर बदललं.

म्हणून गावातल्या मुलाची बुद्धी मोजायला निघालेल्या प्रत्येकाने ब्राझीलमधलं एक काम वाचावं. रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांना संशोधकांनी गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारले. जवळपास ९८ टक्के बरोबर आले. तीच आकडेमोड नंतर कागदावर दिली, तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. मुलं फक्त पाचच होती, त्यामुळे यावरून सगळ्या जगाबद्दल बोलता येत नाही. पण आपल्या आठवडी बाजारात आईशेजारी बसून सांभार (कोथिंबीर), वांगी विकणारी पोर पन्नासाच्या नोटेतून साडेसतरा रुपये वजा करून सुटे हातावर ठेवते आणि तीच पोर वर्गात हातच्याच्या वजाबाकीत अडते, तेव्हा 'गणितात कच्ची' असा शेरा मारण्याआधी शिक्षकाने हा अभ्यास आठवावा.

पियाजेंच्याच वर्षी, १८९६ मध्ये, जन्मलेले रशियाचे लेव्ह वायगॉट्स्की वयाच्या ३७ व्या वर्षी क्षयाने गेले. त्यांचा भर मुलाच्या भोवतालच्या माणसांवर होता. मूल एकट्याने काय करतं यापेक्षा जाणत्याच्या मदतीने काय करू शकतं ते पाहा, ते म्हणाले. या दोहोंमधलं अंतर हीच शिकवण्याची जागा. वेचणीला पहिल्यांदा आलेल्या पोरीला मावशी बोंड कसं धरायचं, कवडी, म्हणजे किडका कापूस, कशी बाजूला काढायची ते हात धरून दाखवते, मग नुसती नजर ठेवते, मग आपल्या ओळीने पुढे निघून जाते. वायगॉट्स्कींचा सिद्धान्त त्या ओळीत चालू असतो.

माया कोणाकोणाची

बाळाला एका माणसाचा तरी भक्कम आधार लागतो, हे इंग्लंडच्या जॉन बोल्बींनी मांडलं. मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडातल्या खेड्यांत आया आणि बाळं यांचं निरीक्षण केलं आणि पुढे अमेरिकेत एक चाचणी बसवली: अनोळखी खोलीत आई बाळाला थोडा वेळ सोडून जाते आणि परत येते, तेव्हा बाळ काय करतं ते पाहायचं. ही चाचणी पुस्तकांत फार ठळकपणे येते. ती आपल्याकडे जशीच्या तशी लावू नये, असं माझं ठाम मत आहे. निंदण-वेचणीच्या हंगामात आई दिवसभर वावरात असते आणि बाळ आजीकडे, मोठ्या बहिणीकडे, काकूकडे असतं. आई गेली म्हणून ते रडलं नाही, तर माया कमी आहे असा अर्थ काढणं चूक ठरेल. त्याला चार मांड्या ओळखीच्या आहेत.

आधाराचं महत्त्व सर्वांत स्पष्ट दाखवणारा अभ्यास हवाई बेटांमधल्या काउआईचा आहे. तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. गरिबी, घरात दारू, आईवडिलांची भांडणं, बाळंतपणातला त्रास असं बरंच एकत्र वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट, कर्तीसवरती निघाली. त्यांच्यात जे साम्य दिसलं त्यात एक ठळक होतं: आईवडील नसले तरी आजी, शिक्षक, शेजारी असं कोणीतरी एक माणूस त्यांच्या मागे टिकून उभं होतं. पाळण्यातल्या पायांवरून भविष्य सांगणाऱ्यांना मी हा आकडा सांगते. धोका खरा असतो, त्याचा निकाल मात्र आधी लागलेला नसतो.

वय की काळ?

आता सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग. शिकवताना इथे मी घाई करत नाही.

समजा, तुम्ही गावातल्या २० वर्षांच्या, ४५ वर्षांच्या आणि ७० वर्षांच्या बायकांना एकच बुद्धिचाचणी दिली. विशीतल्यांना जास्त गुण, पंचेचाळीसवाल्यांना कमी, सत्तरीतल्यांना सर्वांत कमी. झालं, साठी बुद्धी नाठी सिद्ध! पण थांबा. सत्तरीतली आजी शाळेत गेलीच नव्हती. पंचेचाळिशीतली आई सातवीनंतर घरी बसली. विशीतली नात एसटीच्या पासवर रोज तालुक्याच्या कॉलेजात जाते आणि तिच्या हातात मोबाइल आहे. तुम्ही जो फरक मोजला तो वयाचा की शाळेचा? दुष्काळात वाढलेल्या आणि रेशनवर वाढलेल्या शरीरांचा? एकाच दिवशी वेगवेगळ्या वयाची माणसं तपासली की वय आणि काळ एकमेकांत मिसळतात आणि वेगळे काढता येत नाहीत.

मग तीच माणसं वर्षानुवर्षं तपासत राहावं. याला दीर्घकालीन अभ्यास म्हणतात. हा जास्त खरा, पण महागडा आणि चिवट. माणसं कामासाठी पुण्याला, सुरतेला जातात, पत्ता बदलतो, काही वारतात. बहुधा आजारी आणि अडचणीतली माणसं आधी गळतात, त्यामुळे उरलेल्यांवरून चित्र आहे त्यापेक्षा बरं दिसतं. शिवाय तीच चाचणी पुन्हा पुन्हा दिली की सरावानेच गुण वाढतात.

अमेरिकेच्या सिएटल शहरात वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये दोन्हींची सांगड घातली. दर सात वर्षांनी जुन्या माणसांना परत बोलवायचं आणि त्याच वेळी वेगवेगळ्या वयांची नवी माणसंही घ्यायची. यातून जे निघालं ते म्हणीला धक्का देणारं होतं. कामाचा वेग लवकर मंदावतो, ते खरं. पण शब्दसंपत्ती, तर्क अशा बहुतेक क्षमतांमध्ये साठीच्या आधी सरसकट घसरण दिसली नाही. त्यानंतरही कोणाची घट कधी आणि किती, यात फार तफावत होती. आधीच्या अभ्यासांत जी घसरण दिसे, तिचा मोठा भाग पिढ्यांमधल्या फरकाचा होता.

आपल्याकडे आता अशी सोय झाली आहे. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ज्यात प्रमुख आहे, त्या भारतीय वार्धक्य अभ्यासाची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. ४५ वर्षांवरच्या ७२,००० हून अधिक लोकांची पाहणी त्यात आहे आणि त्याच लोकांकडे पुन्हा जायचं ठरलेलं आहे.

खेड्यात वय विचारणं हेच एक कसब आहे. कितीतरी आजी-आजोबांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण खरी कोणालाच माहीत नाही. तेव्हा "वय किती?" विचारून भागत नाही. "आजी, बहात्तरच्या दुष्काळात तुमचं लग्न झालं होतं काय?" "हो, झालं होतं नं. मोठा पोट्टा अंगावर पेत होता." मग तेव्हा ती अठरा-वीसची असावी, आज सत्तरीच्या पुढची. गावाला ठाऊक असलेल्या घटनांची अशी यादी करून वय काढणं ही संशोधनातली मान्य रीत आहे. आजीशी बोलता येणारा विद्यार्थी हे काम शहरातल्या संशोधकापेक्षा चांगलं करतो.

विशी, पन्नाशी आणि पुढे

एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) यांनी आयुष्याचे आठ टप्पे मांडले. प्रत्येकात एक पेच असतो आणि तो कसा सुटतो यावर पुढचं बरंच अवलंबून राहतं. किशोरवयातला पेच 'मी कोण?' हा. अमेरिकेच्या जेफ्री आर्नेट यांनी २००० साली १८ ते २५ या वयाला वेगळा टप्पा मानावा असं सुचवलं: शिक्षण लांबलं, लग्न पुढे गेलं, माणूस पोर राहिला नाही आणि पूर्ण मोठाही झाला नाही. आमच्या वर्गात यावर खूप बोलणं होतं. पहाटे डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारा, दिवसभर अभ्यासिकेत बसणारा सत्तावीस वर्षांचा मुलगा अजून याच टप्प्यात अडकला आहे. नोकरी नाही म्हणून लग्न नाही, लग्न नाही म्हणून घरात शब्दाला वजन नाही. त्याच्याच वर्गात बसलेली मुलगी आज दोन लेकरांची आई आहे, तिला हा टप्पा मिळालाच नाही. बडोद्याच्या टी. एस. सरस्वती यांनी भारतीय किशोरावस्थेबद्दल असंच काही मांडलं होतं: वेगळं किशोरवय अनुभवता येणं हे वर्ग आणि लिंग यांवर ठरतं. खुद्द आर्नेट यांनी २००८ मध्ये दाखवलं की अमेरिकेतल्या सहा आघाडीच्या मानसशास्त्रीय नियतकालिकांत अभ्यासलेल्या लोकांपैकी ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते, आणि त्या देशांत जगाची लोकसंख्या जेमतेम १२ टक्के. प्रत्येक सिद्धान्ताशेजारी वहीत एक ओळ लिहायची सवय लावा: हा कोणावरून काढला?

एरिक्सन यांचा सातवा टप्पा मधल्या वयाचा. पुढच्या पिढीसाठी आपण काही मागे ठेवतोय का, हा त्यातला पेच. विदर्भात हा टप्पा शिकवताना वर्गात शांतता पसरते, कारण समोरच्या काही मुलांच्या घरात तो पेच फार वाईट रीतीने संपलेला असतो. पन्नाशीतल्या कापूस उत्पादकाला मुलाच्या हाती वावर द्यायचं असतं, आणि सातबाऱ्यावर बोजा असतो. आत्महत्येला कधीच एकच कारण नसतं. कर्ज, पाऊस, भाव, आजार, व्यसन, एकटेपण एकमेकांत गुंतलेले असतात. पण 'मी देणारा राहिलो नाही' ही भावना ओळखता येणं, तिला शब्द देता येणं, याला किंमत आहे. कोणाचं बोलणं तसं वळत असेल तर विचारायला भिऊ नये, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

म्हातारपणाबद्दल बाल्टेस यांनी सांगितलेली एक गोष्ट मला नेहमी उपयोगी पडते. वाढत्या वयातही नीट निभावणारी माणसं तीन गोष्टी करतात: मोजकं निवडतात, निवडलेल्याचा सराव वाढवतात, आणि जे गेलं त्याची भरपाई दुसऱ्या मार्गाने करतात. डवरणी सोडलेला म्हातारा बैलबाजारात मात्र जातो, दात पाहून, खांद्यावरून हात फिरवून बैलाची पारख करतो, आणि नजर कमी झाली म्हणून नातवाला सोबत नेतो. यात तिन्ही आलं. विसराळूपणा आणि स्मृतिभ्रंश यांतही गल्लत करू नये. नाव चटकन न आठवणं वयाचं असू शकतं, रोजच्या वाटेवर घर न सापडणं हा आजार असू शकतो आणि डॉक्टरांना दाखवायला हवं.

शिकायचं कुठे, आणि पुढे काय

नागपूर आणि अमरावती या दोन्ही विद्यापीठांच्या अनेक महाविद्यालयांत बी.ए.ला मानसशास्त्र हा विषय घेता येतो. बारावी कोणत्याही शाखेची चालते. घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: प्रात्यक्षिकं खरंच होतात का, आणि शिक्षक पूर्णवेळ आहेत का. लग्न झालेल्या, नोकरी करणाऱ्या किंवा दुसऱ्या विषयात पदवी घेतलेल्या लोकांसाठी २०२५ पर्यंत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं एम.ए. मानसशास्त्र होतं; त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरशिक्षणातले नवे प्रवेश थांबवले. त्याला कोणतीही पदवी चाले, आणि पहिल्याच वर्षी आयुष्यभराच्या विकासावर स्वतंत्र पेपर असे. संख्याशास्त्र टाळता येत नाही. त्याची धास्ती घेऊन चांगली मुलं विषय सोडतात, याचं मला वाईट वाटतं. सरासरी, पल्ला, तुलना एवढं नीट समजलं की पुढचं जमतं.

आता त्या आईवडिलांचं उत्तर. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर व्हायला एम.बी.बी.एस. आणि त्यापुढचं वैद्यकीय शिक्षण लागतं, औषध डॉक्टरच लिहून देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला एम.ए.नंतर आणखी व्यावसायिक प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. नुसत्या बी.ए.वर समुपदेशकाची पाटी लावू नये. पण बी.ए. करून मुलगी अंगणवाडी पर्यवेक्षिकेची स्पर्धा परीक्षा देऊ शकते, बी.एड. करून शाळेत जाऊ शकते, समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेऊ शकते, बालगृह, वृद्धाश्रम, विशेष मुलांच्या शाळा, आरोग्य क्षेत्रातल्या संस्था इथे काम करू शकते. पगार सुरुवातीला फार नसतो, हेही मी सांगते. आणि वडिलांना विचारते, घरी आजी आहे का? असेल तर पोरीला पहिल्या प्रकल्पासाठी माणूस शोधत फिरावं लागणार नाही.